शेततळ्यात पडलेले मूल वर का येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावात तीस-पस्तीस शेततळी झाली आहेत, बहुतेक सगळी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली. गेल्या मे महिन्यात दोन सख्खे भाऊ, एक नऊ वर्षांचा आणि एक सहाचा, त्यातल्या एका तळ्यात बुडाले. ग्रामसभेत ठरले की प्रत्येक तळ्यावर धोक्याचा फलक लावायचा आणि शाळेत दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचे. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात, एवढ्याने भागणार नाही असे तुम्हाला वाटते, आणि मुलांना तळ्याकडे जाण्यापासून रोखायला आणखी काय करता येईल असे तुम्ही विचारता.

मी २६ वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी होते. बराच काळ मराठवाड्यात आणि शेवटची काही वर्षे नगरकडच्या एका दुष्काळी तालुक्यात. बुडालेली मुले माझ्यापुढे टेबलावर आली ती बहुतेक उशिरानेच. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचा प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. मुलांना पाण्यापासून रोखायचे कसे, हा एक भाग. दुसरा भाग ग्रामसभेत कुणी काढत नाही: मूल पडलेच तर ते बाहेर कसे येणार? कागदाच्या शेततळ्यात माणसे पडतात म्हणून मरतात, त्याहून जास्त वर चढता येत नाही म्हणून मरतात.

एका डाळिंबाच्या बागेतले तळे मी शवविच्छेदनानंतर स्वतः जाऊन पाहिले. सहा-सात वर्षांची मुलगी बाटली भरायला वाकली आणि घसरली. तिची आई धावली, आईमागे चुलती. तिघीही गेल्या. पाणी जेमतेम आठ फूट होते. पाण्याच्या रेषेपासून वर दोन-अडीच फूट कागदावर हिरवे शेवाळ होते आणि त्या शेवाळात बोटांच्या रेघा होत्या, एकाखाली एक, जागोजागी. तिथे धरायला काहीच नव्हते. तोवर मीही गावोगाव "पाण्याजवळ जाऊ नका" हेच सांगत फिरत होते. त्या रेघा पाहिल्यावर माझे सांगणे बदलले.

आता ते तळे बनते कसे पाहा. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि दुष्काळी पट्ट्यात तळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. नेहमीचे मोठे माप ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर. बाजूंना एकास एक किंवा एकास दीड असा उतार. पाणी मुरू नये म्हणून वर ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. एकास एक उतार म्हणजे ४५ अंशांचा चढ, आणि काठापासून तळापर्यंत कागदावरून मोजले तर सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट. ओला कागद, त्यावर शेवाळ, ४५ अंशांचा चढ. पट्टीचा पोहणारा तरुण असला तरी तो काठापर्यंत पोहत येतो आणि तिथे अडकतो. हाताला पकड नाही, पायाला आधार नाही. प्रत्येक प्रयत्नात तो थोडा वर सरकतो आणि पुन्हा घसरतो. पाच-सात मिनिटांत दमछाक होते. जुन्या विहिरीला निदान दगडांच्या सांदी असतात, पायऱ्या असतात, मोटारीचा पाइप असतो. ओढ्याला उथळ कड असते. कागदाच्या तळ्याला यातले काही नाही. वरून ते निवांत, स्वच्छ, निळसर दिसते. उन्हात खेळून आलेल्या पोराला ते बोलावतेच.

अमेरिकेतले एक डॉक्टर विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास अपघाताकडे पाहायची एक साधी रीत मांडली. अपघाताचे तीन काळ धरा: आधीचा, घडतानाचा आणि नंतरचा. प्रत्येक काळात माणूस, वस्तू आणि परिसर यांत काय बदलता येईल ते विचारा, म्हणजे नऊ घरांचा तक्ता होतो. त्यांचे काम मुख्यतः रस्ते आणि गाड्यांवर होते, पण ही रीत तळ्यालाही लागू पडते. तुमच्या ग्रामसभेचे दोन्ही ठराव एकाच घरात बसतात: अपघाताच्या आधी आणि माणूस बदलण्यासाठी. बाकीची घरे रिकामी आहेत. शिवाय चार वर्षांच्या मुलाला फलक वाचता येत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला तो वाचूनही चेंडू काढायचाच असतो.

म्हणून मी सुरुवात दोरापासून करायला सांगते. कुंपण महाग आहे, त्याला वेळ लागतो. दोर या आठवड्यात बांधता येतो.

तळ्याच्या चारही बाजूंना, आणि बाजू लांब असेल तर प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन ठिकाणी, अंगठ्याएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर सोडायचा. त्याला दर दीड फुटावर मोठी गाठ. गाठ नसेल तर ओल्या हातातून दोर निसटतो, विशेषतः मुलांच्या. दोर थेट तळापर्यंत गेला पाहिजे. पावसाळ्यानंतर तळे भरलेले असताना चार फूट दोर पुरेसा वाटतो, पण मे महिन्यात पाणी तळाशी जाते, उघडा पडलेला कागद दहा फुटांचा होतो आणि तोच मुलांच्या सुट्टीचा महिना असतो. दोराची खालची टोके शक्यतो कोपऱ्यांजवळही हवीत, कारण घाबरलेले माणूस बरेचदा कोपऱ्यात जाऊन अडकते. याहून चांगले म्हणजे जुन्या टायरांची शिडी: मोटारसायकलचे टायर एकाखाली एक दोराने बांधून उतारावर सोडायचे. लहान मुलाला दोरावर चढण्याइतके बळ नसते, पण टायरमध्ये हात अडकवून ते लटकून राहू शकते. तेवढ्यात कुणी येते.

यावर शेतकऱ्याचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: "मॅडम, कागद फाटेल." हा आक्षेप फालतू समजू नका. कागदाला मोठा खर्च आलेला असतो, आणि एक भोक पडले तर अख्खे पाणी जाते. म्हणून खुंट कागदात ठोकायचे नाहीत. कागदाची कड काठावरच्या चरात पुरलेली असते. त्या चराच्या बाहेर, बांधाच्या पक्क्या मातीत अडीच-तीन फूट खोल खुंट किंवा लोखंडी अँगल रोवायचा आणि दोर त्याला बांधायचा. टायर तपासून घ्यायचे, आतली तार बाहेर आलेली नको. एवढे दाखवून दिले की बहुतेक शेतकरी तयार होतात. जे होत नाहीत त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा शेजारच्या तळ्यावर एक नमुना करून दाखवा. नायलॉन उन्हात कुजतो, त्यामुळे दर मार्चमध्ये दोर ओढून पाहायचा आणि कडक, पांढरा पडला असेल तर बदलायचा.

आता कुंपण. इथे मात्र पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे. तळे वस्तीपासून, शाळेच्या वाटेपासून किंवा मजुरांच्या राहण्याच्या जागेपासून दोन-तीनशे पावलांच्या आत असेल तर त्याला कुंपण आधी. माळावर एकटे असलेले तळे नंतर. सगळ्या तळ्यांना एकदम कुंपण करायला गेलात तर एकालाही धड होणार नाही. काटेरी तारेच्या चार ओळी म्हणजे मुलासाठी कुंपण नव्हे, ते खालून सरपटत जाते. जाळीचे कुंपण हवे, निदान चार फूट उंच, खाली फट नसलेले, आणि आतून-बाहेरून पाय ठेवून चढता येईल असे आडवे बांबू नसलेले. पैसे नसतील तर बांबू रोवून त्यावर शेडनेट ताणा. रानडुकरांसाठी आपण जुन्या साड्यांचे कुंपण करतोच, त्यापेक्षा हे बरेच टिकते. शेडनेट मोठ्या मुलाला अडवणार नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला अडवते, आणि मोठ्या मुलांनाही क्षणभर थांबायला लावते. सगळ्यांत कमजोर जागा फाटक असते. मोटार चालू करायला दिवसातून चारदा जाणारा माणूस फाटक उघडेच ठेवतो. स्टार्टर आणि व्हॉल्व्ह कुंपणाच्या बाहेर घेतले तर फाटक उघडायचे कारणच उरत नाही. अगदी साधा बदल आहे, पण सहसा कुणाला सुचत नाही.

तुम्ही फक्त शेततळ्याविषयी विचारले आहे. पाच वर्षांच्या आतली मुले मात्र बहुतेक घराजवळच बुडतात. जमिनीच्या पातळीचा हौद, टँकरचे पाणी साठवायची सिमेंटची टाकी, अर्धवट भरलेले टिपाड, कधी नुसती बादली. एक-दीड वर्षाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की उलटे होते आणि त्याला परत सरळ होता येत नाही. यासाठी वीतभर पाणी पुरते. हौदाला लोखंडी जाळीचे किंवा फळ्यांचे झाकण, आणि रात्री बादल्या उपड्या. याहून वेगळे इथे सांगण्यासारखे नाही, फक्त आशाताईंना घरभेटीत हे एकदा डोळ्यांनी पाहायला सांगा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की बुडण्याचा सर्वाधिक धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना असतो, त्यानंतर ५ ते ९ च्या. आपल्या देशात एकट्या २०२२ मध्ये बुडून मरण पावलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांहून अधिक आहे. बांगलादेशात हा प्रश्न आपल्याहून तीव्र, घरोघरी पोखर, म्हणजे छोटे तळे. तिथे एक गोष्ट लक्षात आली की लहान मुले सकाळी, आई कामात असताना बुडतात. म्हणून गावोगावी ‘आँचल’ नावाची पाळणाघरे सुरू झाली. गावातलीच एक प्रशिक्षित बाई, तिच्या घरात पाच वर्षांखालची वीस-पंचवीस मुले, सकाळी ९ ते दुपारी १. अशा मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे तिथल्या अभ्यासात दिसले. त्यात यंत्र नाही, औषध नाही. फक्त त्या चार तासांत मुलावर कुणाचे तरी डोळे.

आपल्याकडे अंगणवाडीचे पूर्वप्राथमिक वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालचे मूल आईबरोबर बांधावर असते, किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायची तरतूद कायद्यातच आहे. ती मागून घ्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्या पैशातून शिलाई मशीन वाटली जातात, ती वाटू नका असे मी म्हणत नाही. पण एप्रिल-मेच्या दोन महिन्यांसाठी दोन बायकांना मानधन देऊन शाळेच्या एका खोलीत मुले सांभाळता आली, तर माझ्या मते गावातल्या कोणत्याही फलकापेक्षा ते जास्त जीव वाचवेल. ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, गावाच्या हद्दीत पडत असतील तर त्या मुलांचाही यात विचार करा. त्यांना गाव नवे, पाण्याच्या जागा नव्या आणि आईबाप पहाटेपासून फडात.

पोहायला शिकवावे का? हो, सहा वर्षांनंतर. आपले आजोबा पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत शिकले. मधल्या पिढीत विहिरी आटल्या आणि ते शिकवणेही थांबले. पण शेततळ्यात शिकवू नका. मूल तिथे जायला सरावते आणि कागदाचा धोका पोहता येण्याने कमी होत नाही. पायऱ्यांची विहीर किंवा तालुक्याचा तलाव, सोबत पोहणारे दोन मोठे. हात मारायच्या आधी पाठीवर तरंगायला आणि काठ धरून सरकायला शिकवा.

आता तो क्षण, मूल पडल्यानंतरचा. बुडणारे मूल ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्यावर येत नाही, तर हाक कशी मारणार? ओरडते ते दुसरे मूल, जे काठावर असते. आणि मग तेच पाण्यात उतरते. तुमच्या गावातल्या दोन भावांचे नक्की काय झाले ते तुम्ही लिहिलेले नाही, पण दोन भावंडे एकत्र गेली की मी बहुधा हेच पाहिले आहे: एक घसरतो, दुसरा हात द्यायला जातो. म्हणून शाळेतले ते व्याख्यान रद्द करा आणि त्या तासात सराव घ्या. मैदानात चुन्याने चौकोन आखा, एका मुलाला मध्ये बसवा, बाकीच्यांनी चौकोनात पाय न ठेवता त्याला बाहेर काढायचे. आधी ओरडायचे, मोठ्यांना बोलवायचे. मग काठी, बांबू, दोर. नाहीतर फेकायचे काहीतरी तरंगणारे. आत उतरायचे नाही. "मित्र बुडत असताना तू आत उतरू नकोस" हे मुलाच्या गळी उतरवणे अवघड जाते, त्याला ते भ्याडपणाचे वाटते. म्हणून नुसते उतरू नको म्हणू नका, त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्या.

फेकायला सगळ्यांत चांगला म्हणजे खाद्यतेलाचा १५ लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, मुठीला पंधरा-वीस मीटर दोर. आत तांब्याभर पाणी ठेवले की नीट फेकला जातो. तो मोठ्या माणसाचेही डोके पाण्यावर धरून ठेवतो. प्रत्येक तळ्यावर एक, खुंटाला अडकवलेला. औषध फवारणीचा कॅन मात्र कधीही वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी. बायकांना मी आणखी एक सांगते: तुमची सहावारी साडी साडेपाच मीटर असते, तळ्याचा उतार सव्वाचार मीटर. कडेला अडकलेल्या मुलापर्यंत साडी पोहोचते. पण उभ्याने ओढू नका, पाय घसरून तुम्हीच खाली जाल. एक टोक खुंटाला बांधा, किंवा बांधाच्या बाहेरच्या बाजूला पालथे पडून ओढा. लाज मरणाहून मोठी नाही, हे मी ग्रामसभेत माईकवरून सांगितले आहे आणि कुणी हसले नाही.

मूल बाहेर आल्यावर काय करतात ते मी इतक्यांदा पाहिले आहे की लिहितानाही त्रास होतो. पाय धरून उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. यात पाणी निघते ते पोटातले, आणि उलटी होऊन ते फुप्फुसात जाते. अलीकडे मिठात झाकून ठेवण्याचा निरोप मोबाइलवर फिरतो. तो पूर्ण खोटा आहे. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास चार-सहा मिनिटांतच इजा सुरू होते. १०८ ची गाडी तेवढ्यात पोहोचणार नाही. फोन एकाने करायचा आणि दुसऱ्याने तिथेच, मातीवर, मुलाला पाठीवर निजवायचे. श्वास नसेल, नुसती उचकी किंवा आचका असेल, तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यायचे, छाती वर उठताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोरात, भरभर दाबायचे, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. हृदयविकारात नुसते छाती दाबणे चालते असे लोकांनी ऐकलेले असते. बुडालेल्याला श्वास द्यावेच लागतात, कारण त्याचे दुखणेच श्वासाचे आहे. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका. आणि मूल शुद्धीवर येऊन रडायला लागले तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. प्रत्येक वस्तीवर निदान चार माणसांनी हे बाहुलीवर हात ठेवून शिकलेले हवे. आरोग्य केंद्राला पत्र द्या, ते प्रशिक्षण घेतील.

क्रम लावायचा तर मी असा लावेन. या आठवड्यात सगळ्या तळ्यांची यादी, वस्तीपासूनच्या अंतरासह, आणि सर्वांत जवळच्या पाच तळ्यांवर दोर आणि कॅन. महिनाभरात सगळ्यांवर. उन्हाळ्याआधी जवळच्या तळ्यांना कुंपण आणि मुले सांभाळण्याची सोय. सराव मार्चमध्ये. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला, पण आपल्या भागात तोवर उन्हाळा संपलेला असतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी लिहिते. त्या दोन मुलांच्या आईकडे जा. गावात "आई कुठे होती" हा प्रश्न विचारला गेला असेल, तिच्यासमोर किंवा तिच्यामागे. ती बहुधा कुणाच्या तरी रानात रोजावर होती. तुम्ही ग्रामपंचायतीच्या वतीने जा आणि तिला सांगा की ते तळे असे होते की त्यातून मोठा माणूसही वर आला नसता. तिला हे कुणी सांगितलेले नसेल. आणि पहिला दोर त्या तळ्यावर बांधायच्या आधी तिला विचारा.